चहाला थांबलेला क्रुसेडर : पहिल्या वाळवंटी डायोरामाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या एका मित्राचं आणि त्याच्या पहिल्या डायोरामाचं, म्हणजे जमिनीसकट उभारलेल्या छोट्या दृश्याचं. नाव लिहायचं नाही एवढीच त्याची अट. चुका मात्र एकही लपवू नकोस, असं त्यानेच सांगितलं.

चार वर्षं तो १/३५ प्रमाणातले, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढे प्लास्टिकचे रणगाडे जोडतोय. हे प्रमाण असं विचित्र का, याचा किस्सा तो प्रत्येक नवख्याला ऐकवतो. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तामिया या जपानी मॉडेल कंपनीने मोटारीवर चालणारा पँथर रणगाडा बाजारात आणला, त्याच्या पोटात बॅटऱ्या मावायला हव्यात म्हणून आकार ठरला आणि मग मोजून पाहिलं तर प्रमाण १/३५ च्या आसपास निघालं. पुढे तेच रूढ झालं. त्याची जोडणी स्वच्छ असते, रंगकामही नेटकं. पण सगळे रणगाडे काचेच्या कपाटात एका रांगेत, पट्ट्यांखाली नुसती फळी. त्याला आता जमीन हवी होती.

निवड क्रुसेडर मार्क ३ ची झाली. ब्रिटिश आठव्या सेनेचा, सहा पाउंडर तोफेचा, १९४२ मधल्या उत्तर आफ्रिकेतला. या प्रकारात चालकदल तिघांचंच असतं आणि त्याच्याकडे तीन सैनिक तयार होते, हा हिशेब जुळला. प्रसंग चहाचा. चार गॅलनच्या पातळ पत्र्याच्या पेट्रोलडब्याला ब्रिटिश सैनिक ‘फ्लिम्सी’ म्हणत. हे डबे इतके गळके, की जर्मनांचे वीस लिटरचे जेरीकॅन हाती लागले की ते कोणी सोडत नसे. रिकामा फ्लिम्सी कापायचा, त्यात वाळू भरायची, वर पेट्रोल ओतून ढवळायचं आणि काडी लावायची. या चुलीचं नाव बेनगाझी बर्नर. तिच्यावर चहा. एक जण चुलीपाशी उकिडवा, एक रणगाड्याला टेकलेला, एक दुर्बीण लावून उभा.

वाळवंटच का, यावर त्याचं उत्तर होतं, ‘अरे, सोपं आहे. झाडं नाहीत, घरं नाहीत, चिखल नाही. गोंद लावायचा आणि वाळू भुरभुरायची.’ मी मान हलवली होती. म्हणजे पहिल्या चुकीत माझाही वाटा आहेच.

अडचण

पहिला पाया असा होता : ४० बाय ३० सेंटिमीटरचा, ६ मिलिमीटर जाडीचा प्लायवुड. त्यावर दोन सेंटिमीटर प्लास्टर ऑफ पॅरिस. प्लास्टर ओलं असतानाच रणगाडा दाबून घेतला, वर पांढरा गोंद फासला आणि बांधकामाची वाळू चाळून टाकली. तीन दिवसांनी त्याने फोन केला, ‘जरा येऊन बघ.’

प्लायवुडने एकाच बाजूने पाणी प्यायलं होतं, त्यामुळे तो परातीसारखा वाकला होता. त्याच्याबरोबर प्लास्टर वाकेना, म्हणून त्याला तीन लांब भेगा गेल्या होत्या. सर्वात मोठी चार मिलिमीटर रुंद. १/३५ मध्ये तिला पस्तिसाने गुणलं की १४ सेंटिमीटर होतात, चुलीपाशी बसलेल्या माणसाचा पाय तीत अडकेल.

पण भेगा बुजवता येतात. खरा घोळ वाळूचा होता, आणि तो मला कळायलाही थोडा वेळ लागला. सगळं बरोबर असूनही दृश्य समुद्रकिनाऱ्यावर विसरून आलेल्या खेळण्यासारखं का दिसतंय? मग हिशेब केला. चाळलेल्या वाळूचा कण अर्धा मिलिमीटरचा धरला तरी तो त्या जगात साडेसतरा मिलिमीटरचा होतो. म्हणजे वाळू नव्हेच, खडी. त्या तिघांनी सडकेच्या कामावर चहा मांडला होता. खरी वाळू जितकी खरी, तितकी ती या प्रमाणात खोटी दिसते.

दुसरी गोष्ट रणगाड्याची. जवळपास वीस टनांचं धूड म्हणून त्याने पट्टे सात-आठ मिलिमीटर खोल दाबले होते, म्हणजे प्रत्यक्षात पाऊण फूट ते फूटभर. एवढा रुतलेला रणगाडा चहाला थांबलेला नसतो, अडकलेला असतो. दल चुलीभोवती नव्हे, फावड्यांभोवती दिसलं पाहिजे. शिवाय मागे पट्ट्यांचा एकही माग नव्हता. कोणीतरी वरून क्रेनने आणून ठेवावा तसा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मजेची वाटली. रणगाडा दिसतच नव्हता. लाइट स्टोन या वाळूरंगाने रंगवलेला रणगाडा त्याच छटेच्या जमिनीवर ठेवला, तर तो जमिनीत मिसळून जाणारच. तो रंग त्यासाठीच तर शोधला होता! छद्मावरण यशस्वी झालं होतं, फक्त प्रेक्षकाच्या विरोधात.

आणि ४० बाय ३० मध्ये १७ सेंटिमीटरचा रणगाडा. उरलेल्या जागेत काहीच नाही. ‘वाळवंट रिकामंच असतं ना?’ तो म्हणाला. असतं, पण त्याच्या पायावर ती रिकामी जागा न केलेल्या कामासारखी दिसत होती.

समोरचे पर्याय

रणगाडा आणि माणसं अजून चिकटवलेली नव्हती, ही एक गोष्ट नशिबाने बरी झाली. त्यामुळे चार वाटा मोकळ्या होत्या.

पहिली, डागडुजी. भेगा भरायच्या, वाळूवर रंगाचे दोन हात मारायचे. दोन संध्याकाळींचं काम. पण वाकलेला पाया वाकलेलाच राहिला असता आणि कणाचा आकार रंगाने बदलत नाही.

दुसरी, भेगांनाच कथा बनवायचं : ‘सुकलेलं तळं म्हणू.’ ही कल्पना त्याला फार आवडली होती. वाळवंटात सुकलेल्या चिखलाची मैदानं असतात हे खरं, पण तिथल्या भेगांची जाळी होते, लहान लहान बहुकोनी खपल्या. इथे तीन लांब चिरा होत्या, घराच्या भिंतीला जातात तशा. सोयीसाठी गोष्ट बदलली की ती सोय बघणाऱ्याला दिसते, असं मी म्हटलं. त्याला राग आला. दोन दिवस आम्ही त्यावर बोललो नाही.

तिसरी, जमिनीचा नाद सोडून रणगाडा परत कपाटात. हा पर्याय त्याने गंभीरपणे घेतला होता, हे मला नंतर कळलं.

चौथी, सगळं उचकटून नव्याने आणि लहान. यात गेलेल्या कामावर पाणी सोडायचं होतं, म्हणून ही वाट सगळ्यात जड वाटत होती. प्रत्यक्षात काय गेलं होतं? एक फळी, थोडं प्लास्टर आणि तीन संध्याकाळी. रणगाड्यावर त्याचे सहा आठवडे गेले होते. सहा आठवड्यांचं काम तीन संध्याकाळींच्या हट्टापायी वाकड्या पायावर चढवायचं का, असा प्रश्न मांडल्यावर निर्णय लगेच झाला. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वात महत्त्वाचा क्षण, आणि तो एका गणिताने सुटला.

आधी जागा, मग रणगाडा

नव्याने करायचं ठरल्यावर त्याने आठवडाभर काहीच केलं नाही, फक्त जुनी छायाचित्रं पाहिली. लिबिया आणि इजिप्तच्या सीमेवरची, तोब्रुकच्या दक्षिणेची, अल अलामीनजवळची. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की यात वाळूच्या टेकड्या जवळजवळ नाहीतच. सहारात वाळूचे सागर एकूण भूभागाच्या साधारण पाव हिस्सा. बाकी दगडी पठारं, खडीची मैदानं, उघडे खडक. दगडी पठाराला हमादा म्हणतात, खडीच्या मैदानाला रेग किंवा सेरीर, वाळूच्या सागराला अर्ग. १९४० ते ४२ ची लढाई मुख्यतः किनारपट्टी आणि तिला लागून असलेल्या चुनखडीच्या पठारावर झाली. जमीन टणक, वर धुळीचा पातळ थर, मधूनच थरांचा खडक डोकं वर काढलेला आणि खुरटी काटेरी झुडपं. रंगही पिवळाधमक नाही. फिकट, राखाडीकडे झुकणारा, कुठे गुलाबीसर.

याने तीन प्रश्न एकदम सुटले. जमीन टणक, म्हणजे पट्टे फार रुतायला नकोत. जमीन राखाडी-फिकट, म्हणजे उबदार पिवळसर रणगाडा तिच्यावर उठून दिसेल. आणि खडक असल्याने पायाला उंचसखलपणा मिळेल.

मग पुठ्ठ्याचा एक तुकडा रणगाड्याच्या मापाचा, १७ बाय ८ सेंटिमीटरचा, आणि वर्तमानपत्राचे वेगवेगळ्या मापांचे कागद. रणगाडा पायाच्या कडेला समांतर ठेवला की पार्किंगमध्ये लावल्यासारखा दिसतो, म्हणून त्याने तो साधारण तीस अंशांत तिरका केला. कागद कापत कापत तो २४ बाय २० वर आला. रणगाड्याच्या भोवती अडीच-तीन सेंटिमीटर आणि एका कोपऱ्यात चुलीपुरती जागा. त्याला हे फार कोंदट वाटत होतं. मी म्हटलं, ‘आणखी दोन सेंटिमीटर काप.’ त्याने ऐकलं नाही, आणि बरं केलं. चुलीपाशी बसलेल्याच्या पाठीमागे थोडी मोकळी जागा लागतेच.

जमीन कशी बनली

जुनाच प्लायवुड वापरणं शक्य नव्हतं. नवा १२ मिलिमीटरचा घेतला, दोन्ही बाजूंनी आणि कडांना वॉर्निशचे दोन हात दिले. दोन्ही बाजूंनी, हे महत्त्वाचं. एकाच बाजूला दिलं तर फळी पुन्हा वाकते. त्यावर दाट फोमची शीट चिकटवून सुरीने उतार कापला, एका कोपऱ्यात अडीच सेंटिमीटरचा उंचवटा. फोमवर स्प्रेचा रंग थेट मारायचा नाही, त्यातलं द्रावण फोम खातं. हे त्याला ठाऊक होतं, तरी एका तुकड्यावर मारून बघितलंच. तुकडा वितळला. समाधान झालं.

उंचवट्यावरचा चुनखडीचा खडक कुठून आणायचा? त्याने पहिल्या पायाचं भेगाळलेलं प्लास्टर कचऱ्यातून परत काढलं. फोडल्यावर त्याचे तुटक्या कडांचे, सपाट पाठीचे तुकडे पडले, अगदी हवे तसे. एकच पथ्य पाळलं : सगळ्या तुकड्यांचे थर एकाच दिशेने कललेले. खडकाचे थर जमिनीखाली सलग असतात. प्रत्येक दगड वेगळ्या दिशेला तोंड करून बसला की तो टाकलेला वाटतो, उगवलेला वाटत नाही.

वरचा लेप कागदाच्या लगद्याची पावडर, पांढरा गोंद, भिंतीची पुट्टी आणि राखाडी-बदामी ॲक्रिलिक रंग एकत्र मळून केला. रंग लेपातच घातल्याचा फायदा असा, की पुढे कुठे टवका उडाला तरी आत पांढरं दिसत नाही. थर तीन मिलिमीटरच्या वर जाऊ दिला नाही. हवा होता तिथे एक दिवस थांबून दुसरा दिला. भेग पडली नाही.

लेप ओलसर असताना रणगाड्याचा खालचा भाग प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये गुंडाळून जागेवर हलकेच टेकवला. खोली जेमतेम एक मिलिमीटर, प्रत्यक्षातले साडेतीन सेंटिमीटर. मग पट्ट्याच्या उरलेल्या कड्यांचा एक छोटा तुकडा घेऊन मागचा माग थेट पायाच्या कडेपर्यंत उमटवत नेला. तोही सलग नाही. टणक जागी नुसता ओरखडा, मऊ धुळीत स्पष्ट ठसा. या एका गोष्टीने रणगाडा कुठूनतरी आलेला वाटायला लागला.

आता ‘वाळू’. बांधकामाची वाळू बाद केली. सुकी माती खलबत्त्यात कुटून नायलॉनच्या मोज्यातून गाळली, पिठासारखी धूळ मिळाली. त्यावर दगड तीन आकारांचे : मोजकेच मोठे, ते अर्धे पुरलेले, त्यांच्या पायथ्याशी मध्यम, आणि बारीक चुरा खोलगटात साचलेला. मुठीने सारखी पेरणी केली की केकवरच्या सजावटीसारखं दिसतं. हे काम चिमटीने आणि कंटाळा न करता करायचं असतं. त्याला दोन संध्याकाळी लागल्या आणि माझ्या मते सगळ्या डायोरामातला हाच उत्तम भाग आहे.

झुडपं पाचच. विकतच्या गवताच्या पुंजक्यांचा हिरवा रंग फारच ताजा होता. त्याने बारीक वाळक्या मुळ्या कापून एक-सव्वा सेंटिमीटरची खुरटी झुडपं केली. ती सगळी खडकाच्या आडोशाला, वाऱ्यापासून लपलेली.

धुळीचा अपघात

जमीन इतकी चांगली झाली, की त्याचा हात सैल सुटला. रणगाडाही तितकाच धुळकट हवा म्हणून त्याने पिगमेंट पावडर, म्हणजे रंगाची कोरडी भुकटी, सढळ हाताने सगळ्या रणगाड्यावर फासली आणि ती पक्की करायला वरून फिक्सर ओतला. ब्रशने लावला नाही, ओतला. ओला असताना रणगाडा काळपट दिसला, म्हणून घाबरून त्याने आणखी पावडर टाकली. सकाळी बुरुजाच्या सपाट भागावर चहाच्या कपाखाली उमटतात तशी वर्तुळं होती, आणि निम्मी धूळ गायब.

‘पाऊस पडून गेला म्हणू,’ तो म्हणाला.

विनोद वाटेल, पण यात तथ्य होतं. १८ नोव्हेंबर १९४१ ला ऑपरेशन क्रुसेडर ही ब्रिटिशांची चढाई सुरू झाली, त्याच्या आदल्या रात्री वाळवंटात खरोखर मुसळधार पाऊस झाला होता. मात्र आपला रणगाडा मार्क ३, म्हणजे १९४२ चा. शिवाय पाऊस रणगाड्यावर पडतो आणि दोन बोटांवरच्या जमिनीवर पडत नाही, असं कसं? ‘सुकलेलं तळं’ आणि ‘पडून गेलेला पाऊस’ ही एकाच माणसाची दोन रूपं होती, आणि या वेळी तो स्वतःच हसला.

पर्याय दोनच : सगळा रंग उतरवायचा, किंवा डाग असलेल्या जागा दुरुस्त करायच्या. रंग उतरवण्यात तोफेच्या खोबणीतले वॉश (पातळ गडद रंगाचे हात), खुणा, सगळं गेलं असतं. त्याने दोन दिवस हात लावला नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या मऊ ब्रशने डागांच्या कडा विरघळवल्या. फिक्सरचा थर पुरता निघाला नाही, पण वर्तुळं फिकी झाली. त्यावर मॅट वॉर्निशचा हलका फवारा, आणि मग धूळ पुन्हा, या वेळी विचार करून.

धूळ कुठे बसते? आडव्या पृष्ठभागांवर, चाकांच्या आसपास, मागच्या बाजूला. पट्ट्यांवरची पत्र्याची झालर धूळ अडवण्यासाठीच असते, म्हणून तिच्या खालच्या कडेला थर जाड. माणसं जिथे चढतात-उतरतात तिथे बुटांनी ती पुसली जाते. इंधन भरायच्या झाकणाभोवती पेट्रोल सांडून ओली काळपट वर्तुळं होतात; बुरुजावर अपघाताने आलेलं जे काही होतं, ते तिथे मुद्दाम करायला हवं होतं. आणि रणगाड्यावर तीच धूळ वापरली जी जमिनीवर होती, मोज्यातून गाळलेली. दोन्ही वस्तू एकाच जागेच्या वाटू लागल्या त्या इथून.

मागे बांधलेल्या ताडपत्रीच्या वळकट्या गडद हिरवट, रिकामे डबे पत्र्याच्या चकाकीचे, सैनिकांची खाकी थोडी लालसर. एवढ्या गडद ठिपक्यांनी रणगाडा वाळूरंगाच्या जगातून वेगळा निघाला.

निकाल

तीन आठवड्यांचं ठरवलेलं काम रणगाडा सोडून नऊ आठवडे चाललं. एका छोट्या प्रदर्शनात त्याने तो मांडला. बक्षीस नाही. पण परीक्षक रणगाड्याऐवजी जमिनीकडे वाकून बघत होते, हे त्याने मला तीनदा सांगितलं. बुरुजावरचं एक वर्तुळ अजून दिसतं, तिरप्या उजेडात. पाया आजवर वाकलेला नाही.

एक चूक मात्र दोघांच्याही नजरेतून सुटली आणि ती एका शाळकरी मुलाने पकडली. त्याने विचारलं, ‘काका, शत्रू जवळ असेल तर तिघंही बाहेर कसे? आणि लांब असेल तर हा दुर्बिणीतून काय बघतोय?’ मार्क ३ मध्ये माणसं तीनच. तिघंही खाली उतरली म्हणजे जागा आघाडीपासून मागची, निवांत. मग दुर्बीण कशाला? वर तो उभा सैनिक पायाच्या बाहेर पाहतो, त्यामुळे बघणाऱ्याची नजरही चुलीवर न थांबता बाहेर निघून जाते. किटमध्ये हात दुर्बिणीसकट आला म्हणून तो तसा लागला. प्रसंगाला काय हवंय हे कोणी विचारलंच नाही.

आज केलं असतं तर

त्याला विचारलं तर तो सगळ्यात आधी माणसांचं नाव घेतो. पुठ्ठ्याच्या रणगाड्याबरोबर पुठ्ठ्याची माणसंही ठेवायला हवी होती, आणि प्रत्येकाची नजर कुठे जाते याची पेन्सिलने रेघ मारायला हवी होती. तिसऱ्याच्या हातात दुर्बिणीऐवजी कप दिला असता तर तिन्ही रेघा चुलीपाशी मिळाल्या असत्या. हात कापून बदलणं अर्ध्या तासाचं काम होतं. आता सगळं चिकटलेलं आहे आणि तो ते मोडणार नाही म्हणतो. मीही आग्रह करत नाही.

माझं मत थोडं वेगळं आहे. मला वाटतं रणगाडा रंगवण्याआधी जमिनीची छटा ठरवायला हवी होती. त्याने बाटलीतला लाइट स्टोन जसाच्या तसा वापरला. लहान वस्तूवर तोच रंग अधिक गडद भासतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळायला हवा होता. जमीन आधी समोर असती तर ते लगेच कळलं असतं. उलट क्रमामुळे आम्हाला जमिनीचा रंग रणगाड्याला सांभाळून घेत ठरवावा लागला. तो निभावला, कारण खरी जमीन योगायोगाने राखाडी होती.

फिक्सरबद्दल आमचा वाद नाही. आधी टाकाऊ तुकड्यावर, हे आता तो दुसऱ्यांना सांगतो.

त्या टाकाऊ तुकड्याचीही सोय झाली आहे. पहिल्या वाकलेल्या प्लायवुडची एक पट्टी त्याने ठेवून दिली. तिच्यावर आता लेपाचे, धुळीचे, फिक्सरचे अठरा-वीस चौकोन आहेत आणि प्रत्येकाखाली पेन्सिलने काय किती मिसळलं ते लिहिलंय. शेवटचे तीन चौकोन गडद तपकिरी आणि ओले दिसणारे आहेत. पुढच्या डायोरामात चिखल आहे म्हणे.